शब्दशः नोंद

बफेलो, २१ नोव्हेंबर १९९३, रविवार

प्रिय रेन्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. काल सतरा वेळा घंटा वाजू दिली. मुलं घरात असणार, तूही असणार, आणि ‘मोठ्या बहिणीला वाजवत बसू दे’ असं म्हणून भांडी घासत असणार. इतकी मी तुला ओळखते.

तुझा राग मी नाकारत नाही. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी तू रडत होतीस आणि मी म्हणाले, “तुला फार एकटं पडल्यासारखं होतंय, असं मला तुझ्या बोलण्यातून जाणवतंय.” त्यावर तू म्हणालीस, “वांडा, माझ्याशी असलं वर्गातलं बोलू नकोस,” आणि फोन आपटलास. बरोबर केलंस. समाजकार्याच्या वर्गात आम्हाला तेच शिकवतात, समोरच्याचं दुःख आपल्या शब्दांत धुऊन पुसून त्याच्याच हातात परत द्यायचं. आता दुकानदाराने सुटे नाहीत म्हटलं तरी माझ्या तोंडून तसंच काहीतरी निघतं. अकरा वर्षं दंतवैद्याच्या दवाखान्यात पेशंटांच्या वेळा लिहून घेतल्या, तेव्हा मी जास्त माणसात होते.

इकडचं सांगते. मंगळवार-गुरुवार मी फील्डवर्कला जाते, शहराच्या पूर्वेकडच्या एका संस्थेत. तिथे मला शिकवायला बूथबाई आहेत. साठीच्या, काळ्या, ताठ कण्याच्या; रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात आणि सोमवारपासून आमची हजेरी घेतात. माझ्याकडे पहिलीच केस आहे, तिला मी नोरा म्हणते. खरं नाव बाहेर सांगायचं नसतं. चोवीस वर्षांची आहे, नवरा नाही, पाच वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी.

गुरुवारी तिची दोन्ही मुलं सरकारी माणसं घेऊन गेली. दोघांना दोन वेगळ्या घरी ठेवलंय, कारण एकत्र ठेवायला जागा नव्हती. नोराने मला भेटीत काही सांगितलं होतं, मुलांना कोंडून कामावर गेल्याबद्दल. मी ते नोंदीत लिहिलं, बूथबाईंनी वाचलं, आणि असं काही कानावर आलं की चोवीस तासांत बालसंरक्षण खात्याला फोन करावाच लागतो, तसा कायदाच आहे. कुणाचा दोष म्हणावा? सगळ्यांनी नियमाप्रमाणेच केलं. जानेवारीत कोर्टात सुनावणी आहे. मुलं तिला परत द्यायची की नाही ते तिथे ठरेल.

मला झोप लागत नाही. बस, एवढंच सांगायचं होतं.

थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला ये ना. टर्की मी करपवते हे माहीत आहे. पिएरोगी करीन, बटाटा भरून उकडलेले, तुझ्या कॅझीला आवडतात तसे. तू बरी आहेस ना? तुझ्या त्या नवऱ्याचा, टेडचा, काही पत्ता लागला का, की अजून टेक्सासातच तोंड लपवून बसलाय?

तुझी
वांडा


५ डिसेंबर

रेन्या,

तू आली नाहीस. मी पिएरोगी केले आणि एकटीने बावीस खाल्ले, पोट धरून निजले.

मागच्या पत्रात ‘सगळ्यांनी नियमाप्रमाणेच केलं’ असं लिहिलं होतं ते खोटं आहे. ते लिहिताना माझी मान खाली गेली होती, पण तुला कुठे दिसणार होती.

आमची नोंद म्हणजे काय ते आधी सांगते. केसशी भेट झाली की घरी येऊन ती कागदावर आठवून काढायची. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, शब्दन्शब्द. हा डावा रकाना. मधल्या रकान्यात त्या वेळी मला आतून काय वाटलं ते. उजवा रकाना रिकामा सोडायचा, तिथे बूथबाई हिरव्या शाईने लिहितात. आठवड्याला एक. त्या नोंदी पुऱ्या झाल्या तरच फील्डवर्क पास, आणि फील्डवर्क पास तरच पदवी.

नोरा यायचीच नाही. एकदा आली, सप्टेंबरच्या शेवटी, वीस मिनिटं बसली, कोट काढला नाही. नंतर सलग चार मंगळवार माझ्या समोरची खुर्ची रिकामी. बूथबाईंना सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या असत्या, घरी जा तिच्या, दार वाजव. पण माझ्या वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं आहेत, त्यांच्या केसेस ढसाढसा रडतात म्हणे, आणि मी छत्तीस वर्षांची घोडी, माझी केस कोटही काढत नाही. हे कुणाला सांगायचं मला जिवावर आलं.

म्हणून मी नोंद रचली. घरी टेबलाशी बसून नोराला बोलतं केलं. पहिली साधीच होती, बसचे हाल, घरमालकाची कटकट. दुसरीही तशीच. बूथबाईंनी उजव्या रकान्यात लिहिलं, “हे फार गुळगुळीत आहे. बाई कुठे आहे यात? आणि तू कुठे आहेस?”

मला फार लागलं ते. रेन्या, मला वाटलं होतं की आयुष्यात एक गोष्ट तरी मला जमेल. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, शेजाऱ्यांची भांडणं मी सोडवली, सगळे म्हणायचे, वांडाला माणसं कळतात. आणि इथे ही बाई हिरव्या शाईत विचारते, माणूस कुठे आहे?

तेव्हा तिसऱ्या नोंदीत मी माणूस घातला.

नोरा जे बोललीच नव्हती ते मी लिहिलं, आणि त्यावर तिची मुलं गेली. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुला पहिल्यांदा सांगते आहे. तू मला शिव्या दे, पण दे. हे गप्प बसणं मला सोसत नाही.

वांडा


१९ डिसेंबर

रेन्या,

या लिफाफ्यात ओप्वातेक घातला आहे. आपल्याच पॅरिशच्या चर्चमधला, कणकेचा, कागदाइतका पातळ, नाताळच्या देखाव्याचा छाप असलेला. पोस्टात मोडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला. नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवायला बसण्याआधी तू एक कोपरा मोड, मी इथे माझा मोडते. आई शिकागोच्या मावशीला असाच पाठवायची, बोलणं बंद असलं त्या वर्षीसुद्धा. वर्षभराचं एकमेकींना माफ करून मगच घास घ्यायचा, असं ती म्हणायची.

पण तू माफ काय करणार, तुला अजून माहीतच नाही. ते सांगितल्याशिवाय हा पाठवणं म्हणजे फसवणूकच होईल.

तिसऱ्या नोंदीतले शब्द तुझे होते.

फोनवर तू मला सांगितलेले. मुलांजवळ बसायला येणारी मुलगी आली नाही, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतली दोनची पाळी चुकवली असती तर काम गेलं असतं, म्हणून तू कॅझीच्या हातात सिरियलचं खोकं दिलंस आणि दार बाहेरून लावून गेलीस. दहाला परत आलीस तेव्हा दोघं टेबलाखाली बसली होती, स्टेफी झोपलेली, कॅझी जागा. आणि मग तू जे म्हणालीस ते मी अक्षरही न बदलता नोराच्या तोंडी घातलं: “दारात उभी राहिले आणि वाटलं, आत जाऊच नये. तशीच पुढे चालत सुटावं. कुणाला कळायच्या आत.”

तू हे मला सांगितलंस कारण मी तुझी बहीण आहे. मी ते डाव्या रकान्यात लिहिलं. मधल्या रकान्यात लिहिलं की मला तिच्याविषयी अपार माया वाटली. आणि उजव्या रकान्यात बूथबाईंनी लिहिलं, “आता दिसली बाई. शाबास.” रेन्या, ती शाबासकी वाचून मला आनंद झाला होता. मला हेही तुला सांगायचं आहे. पाच मिनिटं मी सुखात होते.

मग पान उलटलं तर खाली लिहिलं होतं, लगेच येऊन भेट.

त्यांच्या खोलीत गेले तर त्यांनी फोन जवळ ओढून घेतलेला. म्हणाल्या, सहा वर्षांखालची दोन मुलं आठ तास कोंडलेली आहेत आणि आई निघून जायचं म्हणते, मला कळवावं लागेल, तुला काही जोडायचंय का यात? मी म्हणाले, नाही. त्यांनी नंबर फिरवला. मी समोर बसून नोराचा पत्ता सांगितला. घर क्रमांकसुद्धा मीच वाचून दाखवला.

आता तुला कळलं. आता ओप्वातेक मोड किंवा मोडू नकोस.

वांडा


१२ जानेवारी १९९४

रेन्या,

तू तो अख्खाच परत पाठवलास. माझ्याच पुठ्ठ्यात, चिठ्ठीशिवाय. पत्ता मात्र तुझ्या अक्षरात. मी बराच वेळ तो पत्ता वाचत बसले, निदान अक्षर स्थिर दिसत होतं. मला हेच मिळायला हवं होतं.

तुला ऐकायचं असो नसो, मी लिहिणार आहे. दुसरं कुणी नाही मला.

नोराची मुलं आता दर मंगळवारी तिला भेटायला आमच्या संस्थेतच येतात. एक तास. तळमजल्यावर खोली आहे, खेळणी आहेत, आणि कोपऱ्यात एक खुर्ची. नियम असा की संस्थेचं कुणीतरी खुर्चीत बसून आई मुलांशी कशी वागते ते लिहून घ्यायचं. ते काम माझ्याकडे आलं, केस माझी ना! गेले सात मंगळवार मी तिथे वही घेऊन बसते. मुलगी आईला बिलगते आणि तास संपला की तिची बोटं एकेक करून सोडवावी लागतात. मुलगा बिलगत नाही. तो आगगाडी पुढे मागे ढकलतो आणि आईकडे बघत नाही. हल्ली तो पुन्हा अंथरूण ओलं करतो, असं त्याला सांभाळणाऱ्या बाईने सांगितलं. नोराने ते ऐकलं आणि माझ्याकडे बघून हसली, का ते मला कळलं नाही.

चौकशीला आलेल्या माणसावर ती ओरडली होती म्हणून कागदावर ‘असहकार’ लिहिलं गेलं. आपण असं काही बोललोच नाही म्हणाली, तर ‘नाकारते’ असं लिहिलं. मध्यंतरी एकदा मुलांना घरी ठेवून दहा मिनिटं कोपऱ्यावर कपडे धुवायला गेले होते असं तिने आपणहून कबूल केलं, तर तेही तिच्याच गळ्यात पडलं. आमच्या धंद्यात बाई खरं बोलली तरी ते तिच्याविरुद्ध लिहायला एक शब्द तयार असतो. मी ते सगळे शब्द परीक्षेसाठी पाठ केले आहेत.

काल मुलं गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. छोट्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लागलेले. मला म्हणाली, “मिस, तुम्हाला एक विचारू? मी खरंच असं म्हणाले होते?”

मी वही मिटली.

“म्हणजे मी आठवून बघते. त्या पहिल्या खेपेला मी फार थकले होते, तीन रात्री पोरीला ताप होता. मला वाटतं म्हणाले असेन. तुम्ही काय खोटं लिहाल? तुम्ही शिकलेल्या आहात.” मग कोटाची बटणं लावत म्हणाली, “वकील म्हणतो, कबूल करून टाकलं तर कोर्टाला बरं वाटतं. कबूलच करते मी. असं एखादी आई म्हणते, म्हणजे तिच्यात काहीतरी कमीच असणार ना?”

रेन्या, त्या क्षणी मला दोघी दिसल्या, तू आणि ती. तिच्यात काही कमी नाही. तुझ्यातही नाही. आणि हे तिला सांगायचं सोडून मी वही पिशवीत घातली. मी म्हणाले, पुढच्या मंगळवारी भेटू.

मुलं तर मी तिची घालवलीच होती. आता ती स्वतःला ओळखेनाशी व्हायला लागली आहे, आणि तेही माझ्यामुळे. 

सव्वीस तारखेला सुनावणी आहे. मला साक्षीला बोलावलंय, माझी नोंद वाचून दाखवायला.

मी खरं सांगितलं तर ते विचारणार, मग हे शब्द आले कुठून? म्हणून तुला हे लिहिते आहे. तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. यावर तू विश्वास ठेवावास असं मी काहीही केलेलं नाही, ते मला ठाऊक आहे.

वांडा


२७ जानेवारी

रेन्या,

काल झालं. सविस्तर लिहिते, कारण यात तुझाही जीव टांगणीला लागला असेल.

कोर्टाच्या आदल्या दिवशी मी बूथबाईंकडे गेले. बसले नाही, उभ्यानेच सांगितलं, की नोरा पहिल्या भेटीनंतर आलीच नव्हती, तिन्ही नोंदी मी घरी बसून लिहिल्या. त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. मी वाट बघत होते की आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पहिल्या दोन तू रचल्यास ते मला कळायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “मी तुला जास्त रंगवायला लावलं. तो दोष माझा.” मग म्हणाल्या, “पण तिसरी रचलेली नाही. तीस वर्षं मी नोंदी वाचतेय. ते ‘आत जाऊच नये’ कुणाला टेबलाशी बसून सुचत नाही. ते कुणीतरी बोललंय.”

माझे ओठ हलले असावेत, कारण त्यांनी चटकन हात वर केला.

“थांब. सांगू नकोस. तू नाव सांगितलंस की मला हा फोन उचलावा लागेल, आणि मी उचलीन. मी तशीच आहे. म्हणून सांगू नकोस.” मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “जिचं असेल तिच्याकडे जा तू. पण नोंदीची वही घेऊन नको.”

आज मला वाटतं, दीड वर्षात मी शिकलेलं समाजकार्य तेवढंच.

कोर्टात त्या माझ्या शेजारी बसल्या. मोठी खोली नव्हती, आपल्या पॅरिशच्या तळघरापेक्षा लहानच. नोरा पुढे होती, उसना कोट घालून; वकील तिच्या कानाशी लागला होता. मला उभं केलं आणि नोंद वाचायला सांगितली. मी म्हणाले, मी ही वाचणार नाही, कारण हे या बाईचं बोलणं नाही. ती त्या दिवशी आलीच नव्हती. हे मी लिहिलं आणि ते खरं म्हणून दिलं.

 सरकारी वकील बाई तरुण होती, ती कागद चाळत म्हणाली, मग हे शब्द कुणाचे?

मी शपथ घेतली होती, रेन्या. मला खोटंही बोलायचं नव्हतं. मी म्हणाले, “कुणाचेही असोत, या बाईचे नाहीत.” तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेवढंच म्हणाले. तिसऱ्यांदा न्यायाधीश म्हणाले की मुद्दा या मुलांचा आहे, पुढे चला. 

मुलं तिला मिळाली. आजच दुपारी. सहा महिने कुणीतरी येऊन बघून जाईल, ते काही सुटलं नाही. कागद एकदा उघडला की कुणी तो मिटत नाही. काल कोर्टाबाहेर मी तिच्यासमोर गेले आणि म्हणाले, नोरा (खऱ्या नावाने म्हणाले), तू असं कधीच बोलली नव्हतीस. मी बनवलं. तू पुन्हा स्वतःवर शंका घेऊ नकोस.

मला वाटलं होतं, थुंकेल.  ती म्हणाली, “दहा आठवडे मी रोज आठवायचा प्रयत्न केला.” आणि वळून गेली. ते मला थुंकण्याहून जास्त लागलं, आणि लागावंच.

वांडा


१७ फेब्रुवारी

रेन्या,

विद्यापीठाच्या समितीने काल निकाल दिला. मला काढून टाकलंय. रडू आलं नाही, फक्त घरी येऊन पुस्तकं खोक्यात भरली. बूथबाईंना यापुढे विद्यार्थी देणार नाहीत म्हणे, दोन वर्षं तरी. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. त्यांचं नुकसान मी कशाने भरून काढू, मला कळत नाही. दवाखान्यात माझी जुनी जागा गेली आहे, पण बेकरीत सकाळचं काम मिळालंय.

आता एक उरलंय, जे मी पाच पत्रांत लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि दुसरंच काही लिहायची.

ऑक्टोबरात तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मी लिहून घेत होते. नंतर आठवून नाही लिहिलं, त्याच वेळी लिहिलं. विजेच्या बिलाचा लिफाफा समोर होता आणि पेन हातात होतं. तू म्हणालीस, दार बाहेरून लावलं, आणि मी लिहिलं ‘दार बाहेरून’. तू रडायला लागलीस तेव्हा मी ‘रडू’ असं लिहून कंस केला. तू थांबलीस तर माझ्या मनात आलं, आता पुढचं बोलू दे. म्हणून मी तुला ते वर्गातलं वाक्य म्हणाले. ते काळजीने आलं नव्हतं, रेन्या. तू अजून बोलावंस म्हणून टाकलं होतं. तुला नेमकं काय झोंबलं ते तुला तेव्हाच कळलं असेल. मला कळायला एवढे दिवस लागले.

आणि मी तुला एक प्रश्न विचारला नाही. इतकं ऐकलं, इतकं लिहिलं, आणि उद्या दोन वाजता मुलांजवळ कोण बसणार, हे मी विचारलं नाही. कुणीही विचारलं असतं. शेजारणीने विचारलं असतं. मी तुझ्यापासून अडीच तासांच्या अंतरावर होते, शुक्रवार ते सोमवार मोकळी होते, आणि मला ते सुचलं नाही. त्यानंतर किती दुपारी तू ते दार बाहेरून लावलंस हे मला माहीत नाही. ते विचारायलाही मी घाबरते.

घाबरण्याचं तुझंही कारण आहे, मला माहीत आहे. मला काही सांगितलं तर मी कुठे फोन करीन का? नाही करणार. मी आता विद्यार्थिनी नाही आणि संस्थेची कुणी नाही, त्या कायद्याने मला बांधलेलं नाही. ज्या पदवीसाठी मी तुझे शब्द विकले ती गेली, आणि आता कुठे मला तुझं ऐकून घ्यायचा हक्क मिळाला आहे.

तू मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझं तू बघ, नाही केलंस तरी चालेल. आपल्याला बोलायचीही गरज नाही.

सोमवारी सकाळची तुझ्या गावची, ओलीअनची बस धरते आहे. सव्वाबाराला पोचते, तुझ्या गल्लीपर्यंत चालत वीस मिनिटं. बेकरीचं काम मी पुढच्या महिन्यापासून घेतलंय, तोवर रोज राहीन. नंतर तुझ्या पाळ्या कशा आहेत ते कॅझीकडून विचारून सुट्टीच्या दिवशी येईन. खालच्या जिन्यावर बसेन, मोठा कोट आणते आहे. तू दार उघड, मला बघूही नकोस, पर्स उचल आणि कामावर जा. फक्त दाराला बाहेरून कडी लावू नकोस. आत मी असेन.

वांडा